लिंबूटिंबूचं वर्ष

भाऊजी, वाद अर्धा टाकून उठायची तुमची खोड मला नवी नाही. बूट चढवता चढवता शेवटचा मुद्दा फेकायचा, मी तोंड उघडलं की "उरलेलं पुढच्या शनिवारी, वहिनी" म्हणायचं आणि दार ओढून घेऊन कॉव्हेंट्रीचा रस्ता धरायचा. मी इकडे रीडिंगच्या घरात, हातात लाटणं घेऊन, बंद दाराशी भांडत राहायचे. निहार पाळण्यात होता तेव्हापासून हे असंच चाललंय. पण या वेळी तुम्ही हद्द केलीत. पोराच्या अख्ख्या वर्षाचा प्रश्न, आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. असं करतात का कधी?

परवा तुम्हाला पोचवून आलो. या देशात मेल्यावरही माणसाची रांग सुटत नाही. क्रिमेटोरियमचा स्लॉट मिळायला जवळजवळ तीन आठवडे गेले. तिथल्या छापील कागदावर तुमचं नाव वाचलं, सतीश, आणि मला एकदम परकं वाटलं. लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हापासून ते नाव मी कधी तोंडाने घेतलेलं नाही. तिथल्या बाईंनी तर 'सॅटिश' म्हटलं. म्हटलं, चला, म्हणजे हे दुसऱ्याच कोणाचं तरी चाललंय. मग आमचे हे, म्हणजे तुमचे दादा, उठून बोलायला लागले आणि त्यांचा आवाज दुसऱ्याच वाक्याला फुटला, तेव्हा कळलं की आपलंच आहे.

दादांनी तुमच्या डिग्र्या, नोकऱ्या, सगळं नीट वाचून दाखवलं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचंय.

तुम्ही आमच्या घरात तो खेळ आणलात. अमेरिकेत शिकायला होतात तेव्हा युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये बसून तुम्हाला त्याचं वेड लागलं, आणि इंग्लंडला आलात तरी ते सुटलं नाही. इथले शेजारी ज्याला फुटबॉल म्हणतात तो वेगळा, तुमचा वेगळा. दर शनिवारी चहाच्या वेळेला तुम्ही यायचात, आइस्क्रीमच्या डब्यात स्वतः केलेली तर्री घेऊन. मी पोहे करायचे, आणि तुम्ही त्यावर ती लालभडक तर्री ओतून, नाक पुसत, अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने बघायचात. हेल्मेट घातलेली ती धिप्पाड पोरं एकमेकांवर आदळायची. मी म्हणायचे, "भाऊजी, हा खेळ आहे की अपघात?" तुम्ही म्हणायचात, "बाप्पा, वहिनी, त्या कडेच्या पोराकडे बघा. तो आदळायला नाही, पळायला आलाय."

तो कडेचा पोरगा म्हणजे वाइड रिसीव्हर. खेळ सुरू झाला की सुसाट पळत सुटायचं आणि मागे वळून, लांबून आलेला बॉल झेलायचा. निहारला तुम्ही तोच केलात. आधी मोज्यांचे गोळे करून हॉलमध्ये, मग पार्कात, मग क्लबात. "छातीला लावू नको. आधी डोळ्यांनी झेल, मग हातांनी." माझ्या दोन फुलदाण्या त्यात गेल्या. त्याचा हिशोब मी अजून सोडलेला नाही, पण ते असो.

आणि मग ते रेडशर्ट. निहार शाळेत असेल तेव्हा. टीव्हीवर कोणीतरी तो शब्द वापरला आणि मी विचारलं, आता हे काय नवीन? तुम्ही पोह्यांची बशी खाली ठेवलीत, म्हणजे विषय मोठा होता. तुम्ही सांगितलंत की कॉलेजात मुलाला खेळायला चारच वर्षं मिळतात. पण पहिल्या वर्षी त्याला बाजूला ठेवता येतं. सराव करायचा, खायचं-प्यायचं, अंग कमवायचं, अभ्यास करायचा, फक्त सामन्यात उतरायचं नाही. मग ते वर्ष धरत नाहीत, आणि चारच्या चार वर्षं शिल्लक राहतात.

"म्हणजे लिंबूटिंबू!" मी म्हटलं.

तुमच्या नाकातून चहा आला. आमच्या पुण्याच्या कॉलनीत कोणाचं धाकटं भावंड रडत यायचं तेव्हा त्याला असंच खेळात घ्यायचो. ते पळणार, किंचाळणार, सगळ्यांच्या पायात येणार. पण बाद झालं तरी धरायचं नाही. राज्य त्याच्यावर नाही. "आमच्या नागपुरात त्याला कच्चा लिंबू म्हणतात," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, नागपुरात तुम्ही काहीही म्हणा, या घरात लिंबूटिंबूच. मग तुम्ही मुद्दा काढलात, लिंबूटिंबूला निदान पळायला तरी मिळतं, रेडशर्टवाल्याला तेही नाही. पुढे कधीतरी नियम बदलला, आता चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी धरत नाहीत, पाचवा खेळला की वर्ष गेलं, तेव्हा तुम्ही मला ऑफिसमध्ये फोन केलात. मी मीटिंगमध्ये. घाबरून बाहेर आले. तर तुम्ही म्हणता, "वहिनी, तुमचा शब्द बरोबर निघाला. पक्का लिंबूटिंबू केलाय त्यांनी." एवढंच सांगायला फोन.

निहार तर तो शब्द अमेरिकन समजूनच वाढला. "काका, हा प्लेअर लिंबूटिंबू आहे की रिअल?" इथे जन्मलेलं पोर, मराठी बोलतं पण खुर्चीचा तो करतं आणि टेबलाची ती. लिंबूटिंबू मात्र त्याच्या तोंडात कधी चुकला नाही.

उन्हाळ्यात तो अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांतल्या त्या कॉलेजात गेला. जायच्या आदल्या दिवशी तुमचे दादा बाजारातून लाल शर्ट घेऊन आले. चांगला कॉलरचा, सुती. म्हणाले, "तुम्ही दोघं सारखे रेडशर्ट रेडशर्ट करता, पहिल्या वर्षी लागतो ना तो? सामानाच्या यादीत दिसला नाही, म्हणून आणला." आपण तिघं किती हसलो! निहार तर जमिनीवर लोळला. दादांना राग आला, मग तेही हसले. शर्ट बॅगेत गेला.

आणि निहारची टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तसं आपलं सुरू झालं.

तुम्ही म्हणायचात, पहिल्याच वर्षी खेळवा. सामन्यात दहा मिनिटांत जे कळतं ते सरावाच्या वर्षात कळत नाही. बारीक आहे तर आहे, पायात वेग आहे. पुढच्या वर्षी हा कोच असेल की नाही कोणास ठाऊक. हल्ली पोरं या कॉलेजातून त्या कॉलेजात उड्या मारतात, त्यातला एखादा येऊन याच्या जागेवर बसेल. आज दार किलकिलं आहे तर घुसायचं. मी म्हणायचे, अहो, अठरा वर्षांचं पोर आहे. पहिल्यांदा घर सोडलंय. समोर बावीस-तेवीस वर्षांचे रेडे. यांच्यातला एक अंगावर पडला तर खांदा जागेवर राहील का? आधी जेवू दे, झोपू दे, अभ्यासात बसू दे. वर्ष कोणी पळवून नेत नाहीये.

त्या शेवटच्या शनिवारी मी मनातलं बोलून गेले. लग्न होऊन हीथ्रोला उतरले आणि दुसऱ्याच आठवड्यात कामावर रुजू झाले, आठवतंय ना? इंग्रजी येत होतं म्हणता म्हणता समोरच्याचं एक अक्षर कळायचं नाही. सकाळी पॅडिंग्टनच्या ट्रेनमध्ये तोंड खिडकीकडे करून रडायचे आणि उतरताना लिपस्टिक लावायचे. ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मलाच आठवत नाही. म्हटलं, भाऊजी, मला कोणी ते एक वर्ष न धरता दिलं असतं तर मी आयुष्यभर उपकार मानले असते.

तुम्ही पोह्यांची बशी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "आणि मला बघा. आधी व्हिसा होऊ दे, मग प्रमोशन होऊ दे, मग घर होऊ दे. ती किती वर्षं थांबणार होती? वहिनी, मी इतका तयार झालो की तोवर खेळच संपला."

तिच्याबद्दल तुम्ही एवढंच, आणि एकदाच बोललात. मी विचारायला हवं होतं, कोण होती, आता कुठे असते. पण मला आपलं जिंकायचं होतं. मी म्हटलं, "ते तुमचं. पण निहारच्या बाबतीत तुम्हाला एवढी घाई कसली झालीये?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "मला कसली घाई," म्हणालात. आणि बूट घालायला गेलात. त्या दिवशी दार हळू लावलंत, आणि 'पुढच्या शनिवारी' म्हणाला नाहीत. मला वाटलं, चला, आज बोलतीच बंद केली यांची.

तुम्हाला तेव्हा कळलेलं होतं. पोटातलं दुखणं किती पुढे गेलंय ते डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि आम्हाला तुम्ही सांगितलंत पुढे पंधरा दिवसांनी, तेही दादांनी कपडे ढगळ का झालेत विचारलं म्हणून. मग मात्र मी तुमचं काही ऐकलं नाही. कॉव्हेंट्रीहून सामान उचलून आणलं आणि निहारच्या खोलीत तुमचं अंथरूण घातलं. तुम्ही तक्रार केलीत की गादीला घामट मोज्यांचा वास येतो. पण खिडकीखाली त्याचा जुना बॉल होता, तो तुम्ही कुशीत घेऊन झोपायचात. मी बघितलं होतं. बोलले नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हे पोराला खेळव म्हणतात ते पोरासाठी, की स्वतःला बघायला मिळावं म्हणून? आणि स्वतःसाठी म्हणत असतील तर त्यात चूक काय? आधी मोज्याचा गोळा आणि मग बॉल फेकून फेकून ज्याचा खांदा दुखला, त्याला एवढं मागायचा हक्क नाही का? मी रोज ठरवायचे, आज विचारू. आणि रोज भाताची पेज पातळ झाली, मीठ कमी पडलं, यावरच बोलून उठायचे.

पोरगं खेळायला लागलं होतं. एका सामन्यात पाच मिनिटं, एकात दहा. तुम्ही वॉर्डात गेलात तोवर तीन झाले होते. चौथा आपण तिथेच बघितला, टॅब्लेट तुमच्या जेवणाच्या टेबलावर उभा करून. हॉस्पिटलचं वायफाय मध्येच दम टाकायचं आणि चित्र गोठलं की तुम्ही नागपुरी शिव्या घालायचात, हळू आवाजात, शेजारच्या इंग्लिश आजोबांना कळणार नाही तरी त्यांच्याकडे बघत. मग तो बॉल आला. उंच, लांब. निहार पळाला, मान मागे वळली, आणि दोन्ही हात वर.

"हात बघा वहिनी, हात बघा," तुम्ही म्हणालात. "छातीला लावला नाही."

तुमच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तुम्ही ते पुसलं नाहीत. मी पुसायला हात पुढे केला आणि मागे घेतला. वहिनी-भाऊजींच्या नात्यात तेवढं बसतं का, असल्या वेळीही माणूस हाच विचार करतो. पुसायला हवं होतं. आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी निहारचा फोन आला. "आई, आमचे दोन सिनिअर रिसीव्हर इंजर्ड आहेत. कोच बोलला, पुढचा गेम तू स्टार्ट करू शकतो. पण खेळला तर माझा वर्ष जाणार. नाही खेळला तर माझा वर्ष राहणार. कोच बोलला घरी विचार. काय करू?"

मी हॉस्पिटलच्या कार पार्कात उभी होते. ज्या उत्तरासाठी उन्हाळाभर घसा कोरडा केला ते जिभेवर तयार होतं. आणि मी म्हटलं, "खेळ."

"But आई, तू तर always बोलते की थांब."

"आता सांगते ते ऐक. काकांना बघू दे. खेळ."

भाऊजी, मी तुम्हाला जिंकवून टाकलं होतं. तुम्हाला न सांगता. वर आले, तुम्ही झोपेत होतात. म्हटलं, शनिवारी मैदानात उतरलेला बघतील तेव्हा कळेलच. मग खुशाल चिडवू देत मला.

तुम्ही शनिवारपर्यंत थांबला नाहीत. गुरुवारी दुपारी, दादा तुमच्याजवळ होते आणि मी खाली पार्किंगच्या मशीनशी भांडत होते, कारण ते माझं कार्ड घेत नव्हतं. तेवढ्यात. वर आले तर दादा तुमचा हात धरून बसलेले, आणि ते म्हणाले, "अगं, गेला तो." मला पहिली गोष्ट काय सुचली असेल? अहो, सामना परवा आहे.

त्या शनिवारी निहार मैदानात उतरला नाही, पुढच्याही नाही. कोच म्हणाला, घाई नाही, सावकाश सांग. पोराला बोलावू नका, त्याच्या परीक्षा आहेत, तिकडूनच हात जोडेल, असं तुम्हीच दादांना बजावून ठेवलं होतंत. त्याप्रमाणे परवा त्याने सगळं लॅपटॉपवर बघितलं. संध्याकाळी मंडळी पांगली, उसने आणलेले कप धुवून झाले, दादा जरा आडवे झाले, आणि त्याचा व्हिडिओ कॉल आला.

अंगात तो लाल शर्ट. दुकानातल्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

"आई, कोचला सांगितलं. आय ॲम रेडशर्टिंग."

"अरे, पण मी तुला खेळ म्हटलं होतं ना?"

त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाला, "काकाने फोन केला होता. वॉर्डमधून. तुझ्या फोननंतर. चार गेम झाले, ते त्याने count केले होते." आणि त्याने तुमचा आवाज काढला, तसाच घोगरा, मध्ये मध्ये दम लागल्यासारखा. "निहार, ऐक. मी बघावं म्हणून खेळशील तर याद राख. मी आज आहे, उद्या नाही. तू तुझं वर्ष राख. तुझी आई पहिल्यापासून बरोबर बोलतेय." मग पोरगं माझ्याकडे बघून ओशाळं हसलं. "आणि काका बोलला, हे तिला सांगू नको. डोक्यावर बसेल."

मला हसू आलं. इतक्या जोरात की दादा उठून आले. आणि मग जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. तीन आठवडे सगळ्यांसमोर आवरून धरलं होतं, ते तिथे, स्वयंपाकघरात, ओल्या कपांसमोर सांडलं.

"तू बोलली खेळ, काका बोलला थांब," निहार म्हणत होता. "तुम्ही दोघं opposite होता ना? I was so confused, आई."

असणारच बाळा. आम्ही दोघांनी एकमेकांच्या पाठीमागे बाजू बदलल्या होत्या.

भाऊजी, मला माझं उत्तर मिळालं. किती दिवस तो किडा डोक्यात घेऊन फिरले, आणि तुम्ही त्याला एका फोनमध्ये चिरडलात. तुम्हाला बघायचं होतं, खूप बघायचं होतं, मला त्यात तिळभर शंका नाही. आणि तरीही तुम्ही त्याला त्याचं वर्ष परत दिलंत. आयुष्यभर थांबण्यावर चिडलेला माणूस, शेवटी आमच्या पोराला म्हणाला, थांब. तुमचे हे उपकार मी कसे मानू? तोंडावर मानले असते तर तुम्ही "बाप्पा वहिनी, पोहे घ्या" म्हणाला असतात.

मी वाद जिंकले. तुमच्या तोंडून जिंकले. आणि डोक्यावर बसायला तुम्ही नाही. हा कसला विजय, सांगा मला. दोन दिवस झाले, मी खोलीत जाते, तो बॉल उचलते, परत खिडकीखाली ठेवते. फ्रीजरमध्ये तुमच्या तर्रीचा एक डबा आहे. दादा म्हणतात, काढ, खाऊन टाकू. मी काढत नाही.

निहारने माझं रडणं संपू दिलं. एवढा समंजस कधी झाला तोही, कळलं नाही. मग म्हणाला, "आई, एक सांगू? काकाला पण आपण लिंबूटिंबू करू."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे आऊट झाला. पण धरायचं नाही."

लाल शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले. मागे दादा उभे होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही धरायचं," मी म्हटलं.